सुरगाण्याच्या वाटेवरची ओली निरी

मला घरात दोन दिवस सलग बसवत नाही. तिसऱ्या दिवशी तळपाय खाजायला लागतात. आणि सलग चार दिवस सुट्टी मिळाली तेव्हा तर मी सकाळी सहालाच पंचवटीतल्या आमच्या गल्लीत गाडीला किका मारत उभा होतो. शहाण्णव-सत्त्याण्णवचा हिवाळा असेल. गाडी माझ्यापेक्षा थोडीच लहान, लांबच्या प्रवासाची, वजनाला हत्ती. नंदा, म्हणजे माझी बायको, पिशवी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "ही शेवटची संधी हं. सुरगाण्याला नीट नेऊन नीट आणलीत तर गाडी राहील. नाहीतर विकायची. मग कुरकुर नको."

तिच्या रागाला कारण होतं. गाडीचा कार्बोरेटर जुना. आतलं पेट्रोल अडवणारा तरंगता फ्लोट मधेच अडकायचा आणि जास्तीचं पेट्रोल खालच्या ओव्हरफ्लोच्या नळीतून ठिबकायचं. सामाईक अंगणात डाग पडायचे, वास थेट स्वयंपाकघरात जायचा आणि शेजारचे काका आठवड्यातून एकदा ऐकवून जायचे. त्यावर मी मोठी अक्कल लढवली होती. नळी लांब घेतली, तिचं टोक औषधाच्या रिकाम्या बाटलीत सोडलं आणि बाटली तारेने चौकटीला बांधून टाकली. सायलेन्सर उजवीकडे, म्हणून बाटली डावीकडे. तापल्या सायलेन्सरवर पेट्रोल पडलं तर भडका होतो एवढं मला कळत होतं. अंगण कोरडं झालं आणि मी आठवडाभर मिशीवर ताव देत फिरलो.

दिंडोरीच्या अलीकडे धुकं होतं. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, मांडवाखालून पंपांची घरघर. नंदा साडी सावरून एका बाजूला पाय सोडून बसली होती. मागून म्हणाली, "अहो, वास येतोय."

"फवारणी चाललीय," मी म्हणालो. "द्राक्षाचा सीझन आहे, येणारच."

मला ठाऊक होतं का? हो, ठाऊक होतं. निदान शंका तरी होतीच. पण थांबून बघितलं असतं तर बाटली दिसली असती, बाटलीवरून प्रश्न आले असते, आणि गाडी तिथेच हरली असती. मी वेग वाढवला. तिने पुन्हा विचारलं नाही. माझा शब्द तिला पुरला.

वणीला गरम भजी खाल्ली. देवीच्या दर्शनाला आलेल्यांची गर्दी होती, तिला जरा थांबायचं होतं, पण मला कुठे दम निघतोय! "येताना बघू," म्हणून मी किक मारली. वणी मागे पडली, बागा संपल्या, चढ सुरू झाला. आता दोन्हीकडे कापलेली भातखाचरं आणि सागाची झाडं. रस्ता असा उखडलेला की दात वाजत होते. फवारणी करायला मैलभर कुणी नव्हतं. वास मात्र होता, चांगला घमघमत होता. तरी मी गाडी थांबवली नाही.

सुरगाण्याचा फाटा आला. तिथे कुडाची टपरी, बाहेर चूल पेटलेली, समोर एक जीप उभी. टपरीवाल्या बाई नागलीच्या (नाचणीच्या) भाकरी थापत होत्या. नंदा उतरली. पाय गारठून बधिर झाले होते तिचे. "जरा शेकते," म्हणाली आणि सरळ चुलीकडे निघाली.

"ओ ताई! थांबा! मागं व्हा!"

जीपचा ड्रायव्हर होता. बसल्या जागेवरून तो असा उठला की हातातला चहा सांडला. दोन ढांगांत तो तिच्या आणि चुलीच्या मधे उभा राहिला. "निरी बघा तुमची. वली हाय सगळी. पेट्रोल हाय ते!"

मी बघितलं. साडीच्या निऱ्या घोट्यापर्यंत भिजून पायाला चिकटल्या होत्या. बाटली भरून, हिंदकळून सांडत आली होती, नेमकी डावीकडे, जिथे तिचे पाय सुटलेले असतात तिथे. सायलेन्सरपासून नळी वाचवताना मला बायकोचे पाय आठवले नव्हते. चूल तिच्यापासून चार पावलांवर होती. देवा रे! मी गाडी ढकलत चुलीपासून लांब नेली.

टपरीवाल्या बाईंनी नंदाला आत नेलं, पाय धुवायला पाणी दिलं, स्वतःचं धुतलेलं लुगडं दिलं. "नेसा गं बाई. लय थंडी हाय," एवढंच म्हणाल्या.

ड्रायव्हर माझ्या गाडीशी वाकला. बाटली बघून त्याने माझ्याकडे बघितलं. "ही कोणाची कारागिरी?"

"माझीच."

"मग बरंय. दुसऱ्या कोणाची असती तर शिवी दिली असती."

त्याने तार कापून बाटली सोडवली आणि दूर मातीत रिकामी केली. पेट्रोलचा कॉक बंद केला, पान्याच्या दांड्याने कार्बोरेटरवर हलकं ठोकलं, फ्लोट सुटला. मग नळी इंजिनच्या मागून, मधोमध खाली सोडली. "सायलेन्सरला लागू द्यायची नाय, चेनीत नाय, टायरावर नाय. नळी दुमडली तर पेट्रोल भाईर न पडता आत इंजिनात जातं, म्हणून सरळ. टोक तिरपं कापायचं, मंजी चिखलानं बुजत नाय. आन भाऊ, ठिबकलं तर ठिबकू द्या. दिसलं पाहिजे. लपवून काय करता?"

नंदा लुगड्यात बाहेर आली. तिने बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता बोलेल, चार माणसांत माझी काढेल. ती बाईंच्या शेजारी बसून भाकरी आणि खुरासणीची (काळ्या तिळासारख्या दाण्याची) चटणी खाऊ लागली. पुढे ती जीपमध्ये बसून सुरगाण्याला गेली, मी मागून धूळ खात.

सुरगाण्यात तिची बहीण शिक्षिका होती. तिथे दोन दिवस नंदा माझ्याशी नीट बोलली, चहा दिला, डोंगर दाखवायला नेलं. बहिणीला तिने काही सांगितलं नाही. त्यानेच मी जास्त हैराण झालो. भांडली असती तर बरं झालं असतं.

परतताना ती एसटीने निघाली. लुगडं टपरीवर उतरून बाईंना स्वतः दिलं, पुन्हा एसटीत चढली. मी एसटीच्या मागे. पुढे काढायला रस्ता होता, पण काढली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला कुठे पोचायची घाई नव्हती.

घरी आल्यावर मीच विषय काढला. "गाडी विकून टाकतो. उद्याच. तू म्हणालीस तसं."

ती पिशवीतले कपडे काढत होती. हात न थांबवता म्हणाली, "गाडीला कशाला विकता? मी वासाचं विचारलं तेव्हा ती थोडीच खोटं बोलली होती?"

गाडी राहिली. विकली असती तर मी सुटलो असतो.