सासूबाईंच्या बांगड्या

बायांनो, आज दवाखान्यात माझ्याकडून लय वाईट झालं.

सासूबाईंच्या नाकात नळी टाकायची होती. त्या ती ओढतील म्हणून हात पट्टीनं बांधणार होते. नर्स मला म्हणाली, "मावशी, आधी यांच्या काचेच्या बांगड्या काढा."

मी तिलाच झापलं. "सासरे जिवंत हायेत. काढायच्या नाय. वरून बांध."

मी ऐकेना, म्हणून तिनं तशीच बांधली.

सासूबाई कण्हत होत्या, "टोचतंय गं." मी म्हणाले, "दहा मिनिटं गप पडा."

पट्टी सोडली तर काच मनगटात घुसलेली. तीन टाके घातले.

टाके घालताना त्या एवढंच म्हणाल्या, "मला विचारायचं ना. मीच काढून दिल्या असत्या."

तुम्ही तरी विचारता का, ज्याचे हात बांधतात त्याला?