साहेबांच्या बंगल्यातली वऱ्हाडी

नवरा वारल्यावर मी किन्हीराजाला भावाकडे राहत होते. स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती. रस्त्याच्या कामासाठी आलेल्या साहेबांचा आणि बाईसाहेबांचा मुक्काम गावाबाहेर होता, तिथं मी भाकरी थापायला जायची. साहेबांना माझ्या हातचा ठेचा आवडला. बाईसाहेब भावाला म्हणाल्या, "हिला आमच्याबरोबर नागपूरला पाठवा. फक्त स्वयंपाक करायचा."

भावानं मला विचारलं, "जाशीन का?"

मी जाईन म्हटलं.

नागपूरच्या बंगल्यात आधी इंग्रज साहेब राहत होता. तो विलायतेला गेला, त्याची नोकरांना बोलवायची घंटी राहिली. दोरी दिवाणखान्यात, घंटी माझ्या खोलीत. पहिला आठवडा मी स्वयंपाक केला. मग धुणं आलं, मग फरशी, मग दोन्ही मुलं. स्वयंपाकाला दुसरा माणूस ठेवला, कारण पाहुण्यांना कटलेट लागत. माझं नाव बाईसाहेबांना लांब वाटलं. त्या मला वऱ्हाडी म्हणत.

पाहुणे आले की त्या मला बाहेर बोलवत.

"वऱ्हाडी, बाजारात जायचं नसेल तर तू कसं म्हणशील?"

"मले नाई जायचं बजारात."

पाहुणे हसत. एका बाईनं ते मला पुन्हा म्हणायला लावलं, कारण तिच्या नवऱ्याला नीट ऐकू आलं नव्हतं. माणसं वाईट नव्हती. हसून झालं की बशीतलं बिस्कीट देत.

एका रविवारी मी बोललेच नाही. राग आला नव्हता, तोंड उघडेना. पाहुण्यांनी थोडी वाट पाहिली आणि चहा घेतला. नंतर मी मुलांशीही बोलेना. कामं सगळी करत होते. डॉक्टरांनी चमच्यानं जीभ दाबून घसा पाहिला. घसा चांगला होता. तरी औषध दिलं, मी ते घेतलं.

शेवटी बाईसाहेब म्हणाल्या, "मुलं घाबरतात हिला. परत पाठवून देऊ."

शिपायानं मला अकोल्याच्या गाडीत बसवलं. पुढं आमच्याकडच्या मालेगावच्या मोटारीत शेजारच्या बाईनं विचारलं, "कुठी जाऊन राह्यली वं?"

"किन्हीराजाले," मी म्हटलं.

ती हसली नाही. सरकून तिनं माझ्या गाठोड्याला जागा केली.

घरी भावजय म्हणाली, "करमलं नाई का तुले तिथं?"

"काम लय होतं."

बाकीचंही सांगून पाहिलं, पण ते लोक कशाला हसत हेच तिला समजेना. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी कापूस वेचायला जाऊ लागलो.