काडेपेटीतलं वावर

दोन गावांत शेती असलेली माणसं वाशीम जिल्ह्यात शेकड्यांनी सापडतील. पण एक वावर अनसिंगच्या शिवारात आणि दुसरं वावर टीव्हीत, असा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच, आणि ते आमचे इवाई. इवाई म्हणजे व्याही, माझ्या मुलीचे सासरे. ते मला इनबाई म्हणतात. सत्तरीला टेकलेले आहेत, अंगानं शेवग्याच्या शेंगेसारखे, आणि डोक्यावरची टोपी आंघोळीपुरती काय ती उतरते. जन्मभर वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवून वाशीमच्या बाजारात आणली. सकाळी हा माणूस खऱ्या वावरात असतो आणि दुपारी जेवण झालं की टीव्हीतल्या. कुणी म्हटलं, "इवाई, घडीभर आडवे होत जा," तर तोंड वाकडं करून म्हणतात, "आडवं कसं होता येईन जी? तिकडचं पानी द्याचं राह्यलं ना."

आता हे टीव्हीतलं वावर काय आहे ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई काहीच्या बाही लिहिते. माझा मुलगा शिकत होता तेव्हा त्याच्याजवळ हातात धरून खेळायचा एक व्हिडिओ गेम होता. पैशाच्या पाकिटाएवढा डबा, त्याला काडेपेटीएवढा पडदा, आणि मागून कॅसेट खोचायची. त्या कॅसेटीत शेतीचा खेळ. एक टोपीवाला माणूस, त्याचं वावर, एक गाय, चार कोंबड्या. रान साफ करायचं, पेरायचं, रोज पाणी घालायचं, पिकलं की तोडायचं. नोकरी लागल्यावर त्यानं टीव्हीला जोडायचा मोठा गेम घेतला, आणि त्याच्या बुडाला बसवायची एक चपटी पेटी. त्या पेटीत हातातल्या गेमची कॅसेट घातली की काडेपेटीतलं चित्र टीव्हीभर पसरतं. मग त्याचं लग्न झालं, घर लहान पडायला लागलं, आणि सगळं खोक्यात भरून माझ्या माळ्यावर आलं. जे टाकवत नाही आणि ठेवायलाही नको असतं ते आईकडे ठेवायचं असतं, ही रीतच आहे.

तिथून ते अनसिंगला कसं गेलं, तर विहीणबाईंमुळे. मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात विहीणबाई कांद्याच्या वाफ्यात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण वावर सुटलं ते सुटलंच. खाटेवरून मोरीपर्यंत जायचं तर वॉकर. चाळीस वर्षांत ज्या बाईनं दुखणं-खुपणं असलं तरी वावर चुकवलं नाही, ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. संध्याकाळी नवरा आला की एकच विचारायची, "मिरचीले फूल धरलं काय?" आणि त्यानं हो म्हटलं तरी तिचा जीव भरायचा नाही. "तुमी सांगता हो. मले दिसलं पायजे." इवायांनी एकदा बैलगाडीत दोन गाद्या टाकून तिला न्यायला काढलं, पण नाल्याच्या खड्ड्यात गाडी आदळली आणि त्या अशा कळवळल्या की तिथूनच बैल वळवावे लागले. त्यानंतर वावराचं नाव त्यांनी काढलं नाही, आणि जेवणही निम्म्यावर आलं. माझी मुलगी फोनवर सांगायची आणि रडायची.

त्याच सुमाराला इवाई भाजी द्यायला माझ्याकडे आले, आणि मी माळा आवरत होते. खोक्यातला तो डबा निघाला, अजून चालू होता. मी आपली गंमत म्हणून दाखवला. इवाई चहा विसरले. "हे वावर आहे काय जी?" म्हणाले, आणि टोपीच्या घडीत ठेवतील असा सांभाळून घेऊन गेले. विहीणबाईंनी तो नाकापर्यंत नेला, लांब धरला, आणि परत दिला. "काडेपेटीत वावर काय दिसते? डोये फुटतीन माये." दुसऱ्या दिवशी सकाळी सातला इवाई माझ्या दारात. मुलाला फोन लावला, त्यानं मोठ्या गेमची आणि चपट्या पेटीची हकीकत सांगितली, आणि इवाई सगळं खोकंच स्कूटरला बांधून निघाले. माझ्या मुलीनं लाल-पांढरी-पिवळी वायर टीव्हीला खोचली, आणि त्या दुपारी तिचा फोन आला (सासऱ्यांना ती मामाजी म्हणते, सासूला आत्याबाई), "आई, मामाजी टीव्हीत वखर हाणून राह्यले. अन् आत्याबाई उठून बसल्या."

तेव्हापासून त्या घराचं वेळापत्रक बदललं. इवायांची खेळायची पद्धत अशी, की ते खेळतात असं म्हणायची कुणाची टाप नाही. पाय धुऊन येतात, टोपी नीट करतात, आणि गेमचा रिमोट हातात घेण्याआधी तो कपाळाला लावतात. पाणी घालायची वेळ आली की पायजमा घोट्याच्या वर घेतात. मी डोळ्यांनी पाहिलं आहे. विहीणबाई खाटेवरून सांगत असतात, "कोपरा सुटला. त्या कोपऱ्याले पानी नाही लागलं," आणि इवाई निमूट परत फिरतात. त्या वावराबद्दल त्यांच्या तक्रारी मात्र फार. पहिली म्हणजे तिथं बैल नाही. "कुदळीनं वावर नांगरते हा मानूस. कोन्या देशाचा आहे कोनाले ठाऊक." दुसरी अशी, की त्या खेळात त्या टोपीवाल्याच्या घरीही एक टीव्ही आहे आणि त्यावर उद्याचं हवामान सांगतात. पाऊस म्हटला की दुसऱ्या दिवशी पाऊस येतोच. इवाई म्हणतात, "इथंच मले कळलं इनबाई, का हे वावर खोटं आहे." आणि तिसरी, संध्याकाळी माल उचलायला येणाऱ्या व्यापाऱ्याबद्दल. तो घासाघीस करत नाही, वांगं दाबून पाहत नाही, मुकाट्यानं उचलतो आणि जातो. असल्या माणसावर इवायांचा विश्वास बसणं शक्यच नव्हतं. तो आला की रिमोट खाली ठेवून त्याच्यावर नजर ठेवायचे.

इंग्रजी त्यांना येत नाही, आणि खेळातली माणसं सगळी इंग्रजी लिहून बोलतात. म्हणून त्यांनी ज्याला त्याला गावातलीच नावं दिली. दुकानवाली ती पाटलीण, काठी घेऊन फिरणारा तो सोनाराचा म्हातारा, आणि सकाळी दारात येऊन बडबड करणारी एक पोरगी आहे, तिचं नाव माझ्या मुलीच्या नावावरून ठेवलं, म्हणून माझी मुलगी आठ दिवस धुसफुसत होती. इंग्रजीपायीच एकदा घात झाला. काहीतरी विचारलं, यांनी आपलं भलंपणानं हो म्हणून बटण दाबलं, आणि कोंबडी विकली गेली. दोन दिवस माणूस जेवला नाही धड. विहीणबाई म्हणाल्या, "जाऊ द्या ना. खऱ्या किती गेल्या मांजरानं." तर म्हणाले, "मांजरानं नेली असती तर वाटलं नसतं. मी माह्या हातानं देल्ली."

आणि टीव्हीसमोरून जायचं नाही, हा तर कायदा. धनजहून त्यांचे मावसभाऊ आले होते, बिचारे पाणी प्यायला उठले आणि टीव्हीपुढून माठाकडे निघाले. इवाई ओरडले, "अहो, वाफ्यातून कायले चालता? बांधावरून या ना." आणि बांध म्हणजे खाटेच्या मागची, भिंतीलगतची वीतभर जागा. ते गृहस्थ खाटेला चिमटून, पोट आत घेऊन माठापर्यंत गेले आणि तसेच परत आले. आता त्या घरात येणारं प्रत्येक माणूस बांधावरूनच जातं. पोस्टमनसुद्धा. पोळ्याला त्यांनी कॅसेटीला सुट्टी दिली. बैल नसला तरी गाय आहे, म्हणून टीव्हीपुढे पुरणपोळीचा नैवेद्य ठेवला, आणि तो दिवसभर कुणी उचलू दिला नाही.

एका बाबतीत मात्र इवाई दोन्ही वावरांत सारखेच हेकट. काय पेरायचं ते त्यांनी ठरवायचं. विहीणबाईंना लग्न होऊन आल्यापासून बांधावर फुलांची एक ओळ हवी होती. विकायची नव्हे, बघायची. चाळीस वर्षं त्यांना एकच उत्तर मिळालं, "फुलानं पोट भरते काय?" टीव्हीतल्या पाटलिणीच्या दुकानात फुलाचं बी निघालं तेव्हा त्या पुन्हा म्हणाल्या, "घ्या ना थोडं." इवाई म्हणाले, "हा व्यापारी फुलाले हात लावत नाही. जागा कायले अडवाची?" आणि तिथंही टमाटे लावले.

मग आला दसरा. आमच्याकडे दसऱ्याला अवजारं पुजतात. विळे, खुरपी, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, सगळं सकाळीच हौदावर धुऊन ओळीनं मांडायचं, हळद-कुंकू लावायचं, आपट्याचं पान वाहायचं. इवायांनी विचार केला, की वर्षभर जिनं बायकोचं वावर सांभाळलं ती कॅसेट काय अवजार नाही? तिचा मान तिला मिळाला पाहिजे. आणि माणूस पडला नेमाचा. पुजायचं तर आधी धुवायचं. त्यांनी ती कॅसेट विळ्या-खुरप्यांबरोबर हौदावर नेली आणि नळाखाली चांगली दोन्ही अंगांनी धुतली. मग हळद, मग कुंकू, मग अक्षता. दुपारी ओलीच पेटीत घातली. काही दिसेना. उन्हात वाळवली, दुसऱ्या दिवशी पुन्हा घातली, तेव्हा चित्र आलं. पण वावर नव्हतं. गाय नाही, कोंबड्या नाहीत, टमाट्याच्या ओळी नाहीत. नुसतं गवत, दगड आणि खुंट.

सुदैवानं विहीणबाई तेव्हा झोपल्या होत्या. इवायांनी टीव्ही बंद केला, आणि चार दिवस त्यांना व्होल्टेज कमी आहे म्हणून सांगितलं. पाचव्या दिवशी कॅसेट रुमालात गुंडाळून माझ्या ओसरीवर येऊन बसले. चहा निवला तरी हात लावेनात. मी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "आई, त्यात एक बारीक सेल असतो. त्याच्या जोरावर ते सगळं लक्षात राहतं. पाणी गेलं असेल तर ते पुसलं. खेळ राहील, पण पहिल्यापासून." मी तसं सांगितलं. इवाई रुमालाच्या घड्या घालत राहिले. मग म्हणाले, "इनबाई, तिचं एक वावर त्या गाऱ्या-चिखलानं नेलं. दुसरं म्या धुऊन टाकलं. ती पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडली, म्हंजे मी काय करू?" मी पहिल्यांदाच त्यांनी टोपी काढून हातात धरलेली पाहिली. म्हणाले, "तुमी संगं या. तुमच्यासमोर ती जास्त बोलनार नाही."

मी गेले. विहीणबाईंना बसतं केलं, उशा लावल्या. इवायांनी कॅसेट पेटीत खोचली, बटण दाबलं आणि तो दगड-गवताचा पडदा समोर आला. पायजमा वर घ्यायचंही त्यांना सुचलं नाही. विहीणबाई बघत राहिल्या. मी मनात म्हटलं, आता ही बाई तोंड फिरवते.

त्या म्हणाल्या, "धुतली काय कॅसेट?"

इवाई खाली बघत म्हणाले, "हो."

"मले वाटलंच. तिच्यावर हळदीचा डाग दिसला ना." मग पुन्हा पडद्याकडे पाहून माझ्याकडे वळल्या. "इनबाई, मी लगन होऊन आली ना, तवा ह्यांचं वावर असंच होतं पाहा. हाच दगड, हाच खुंट. टोपल्यानं गोटे येचले आमी. पन तवा ह्यांनी मले इचारलं नाही, काय पेराचं म्हनून."

इवायांनी टोपी डोक्यावर ठेवली, नीट केली, रिमोट कपाळाला लावला आणि म्हणाले, "आता इचारतो ना. सांग."

"फुलं."

"सगयीकडं?"

"सगयीकडं."

इवाई म्हणाले, "व्यापारी येऊन रिकामाच जाईन तो."

"जाऊ द्या त्याले. नाही तरी तुमाले आवडत नाही तो."

त्या दिवशी ते दगड वेचायला बसले ते चार वाजेपर्यंत. मधूनच विहीणबाई म्हणायच्या, "इकडचा गोटा राह्यला," आणि ते परत फिरायचे.

मागच्या महिन्यात मी अनसिंगला गेले होते. दुपारची वेळ, मुलगी आणि जावई वावरात. विहीणबाईंना गाढ झोप लागली होती, तोंड टीव्हीकडे, चष्मा तसाच नाकावर. टीव्हीचा आवाज पार बंद केलेला, आणि पडद्यावर काठापासून काठापर्यंत फुलं. पिवळी, गुलाबी. इवाई पायजमा घोट्याच्या वर घेऊन एकेका झाडाला पाणी घालत होते.

मी हळूच म्हटलं, "इवाई, त्या झोपल्या आहेत. तुम्हीही जरा पडा आता."

त्यांनी मान वळवली नाही. "कवा डोये उघडन नेम नाही जी. सुकलेलं दिसू नये."

मला तहान लागली होती. माठ समोरच होता, टीव्हीच्या पलीकडे. मी पदर आवरला, आणि खाटेच्या मागून, भिंतीला धरून, बांधाबांधानं गेले.