नाई समजल्याचा डबा

गुरुजीनं मले चपला राखाले बसवलं. मी शाळेत शिकाले गेली होती. बसली चपलाजवळ.

तिसरीत होती मी. फळ्यावर हातच्याची वजाबाकी. खालचा आकडा मोठा, वरचा लहान, मंग बाजूच्यापासून एक घ्याचा. गुरुजीनं एक गणित करून दाखवलं. खडू ठेवला. हात झटकले.

"समजलं का?"

"हो गुरुजी." सारा वर्ग एका सुरात.

मले नाई समजलं होतं. बाजूच्यानं एकच देला, मंग इकडं दहा कसे वाढले? मी उभी राह्यली. म्हटलं, "नाई समजलं, गुरुजी."

गुरुजी पाटलाच्या घरचे. धोतर बगळ्यावानी पांढरं. मी बौद्ध मोहल्ल्यातली. माह्या बापानं घरातले देव नदीत सोडले होते अन् पोरीले शाळेत टाकलं होतं. गुरुजी हसले. म्हणाले, "तुले समजून कोणाचं भलं होणार हाय? गवऱ्या थापाले हातचा लागते का?"

पोट्टे हसले. आमच्या मोहल्ल्यातलेही हसले. नसते हसले तं त्यायलेही उभं केलं असतं.

मंग गुरुजी म्हणाले, "जेले समजत नाई त्यानं चपला राखाव्या."

चपला तरी किती? सहा-सात जोड. ज्यायच्या घरी धानाचे कोठे भरले होते, त्यायच्या. बाकी आमी सारे अनवाणी. माह्या पायाले तवरोक चप्पल लागलीच नव्हती. शाळा सुटेपर्यंत बसली. एक पोट्टा चप्पल घालता घालता म्हणाला, "चांगल्या राखल्या बाई."

दुसऱ्या दिवशी गुरुजीनं पुसलं, "समजलं का?" साऱ्यात मोठ्यानं मीच म्हटलं, "हो गुरुजी."

चौथीत शाळा सुटली. हो म्हणाची सवय नाई सुटली.

लगन झालं. कुरखेड्याकडच्या गावात आली. सासूले हो. मालकाले हो. जंगलात सरपण आणाले गेली, गार्डानं काई कागद वाचला, त्यालेही हो. मले वाटे, हो म्हटलं का माणूस वाचते.

माह्यी एक पोरगी होती. शेवंता. चार सालाची. पायाचे बोटं माह्यावानीच फाकलेले. पाणकळ्यात तिले ताप भरला. दात वाजत. बंडीत टाकून दवाखान्यात नेली. तिथल्या बाईनं तीन पुड्या देल्या. "ही लाल आत्ता. ही पांढरी जेवल्यावर. ही पिवळी ताप उतरला तरच, चढला असन तं नाई द्याची. समजलं का?"

माह्या मागं लोकायची लाईन. बाईचे कपडे पांढरे. आवाज तोच.

माह्या तोंडातून निघालं, "हो बाई."

घरी आली. चिमणी लावली. तीन पुड्या समोर ठेवल्या. पांढरी उतरल्यावर का पिवळी? चढला असन तं कोणती नाई द्याची? काईच डोक्यात नव्हतं. उजाडल्यावर परत जाऊन पुसता आलं असतं. नाई गेली. ते दवाखान्यातली बाई म्हणन, काल तं हो म्हणत होती. लोकं हसन. पोरीच्या जिवापेक्षा मले त्या हसण्याचं भेव जास्त वाटलं.

अंदाजानं देली.

तिसऱ्या दिवशी शेवंता गेली. तापानं गेली का पुडीनं, मले आजवर माहीत नाई. कोणाले पुसलंही नाई.

ते गेली, पण जात नाई. आता पंधरा साल झाले, मी गावच्या शाळेत लेकरायचं जेवण रांधते. वाढताना रोज एक ताट जास्तीचं उचलते. लाईन सपते, ताट हातात राह्यते. पोट्टे म्हणते, "आजी, हे कोणाचं व?" मी म्हणते, "येऊन राह्यली." मंग ते इकडं-तिकडं पाह्यते अन् पळते.

दोन साल झाले, शाळेत एक नवीन मॅडम आली. आली तशी रांधाच्या खोलीत. म्हणे, "आजी, तेलाचे दोन रिकामे डबे द्या ना." एकावर चुना लावला, एकावर कोळसा घासला. लेकरायले सांगतलं, जेवाले येता येता एक चिंचोका टाकाचा. आज शिकवलं ते समजलं असन तं पांढऱ्या डब्यात. नाई समजलं असन तं काळ्यात. डबे माह्यापाशी.

पहिले आठ दिवस सारे चिंचोके पांढऱ्यात. मैनीचाही. मैनी म्हणजे तिकडच्या टोल्यावरची, जंगलाकडच्या वस्तीतली पोरगी, घरी गोंडी बोलते, अर्धी मराठी तिच्या डोक्यावरून जाते. ते पहिले बाकीच्यायचे हात पाहे, मंग टाके. मी ओळखलं. असं पाह्यणं मले माहीत हाय.

मॅडम हसली. म्हणे, "आजी, साऱ्यायले सारंच समजलं असं कधी होते का? भेऊन राह्यले ते." तिनं डब्यायच्या समोर पोतं टांगलं. हात आत घालाचा, लाईनीतल्या कोणाले दिसणार नाई. पोत्यामागं मी उभी, मलेच दिसे.

त्या दिवशी काळा डबा वाजला. टन्.

माह्या हातातला झारा थांबला. वाटलं, आता कोणाले तरी बाहेर बसवन.

कोणालेच नाई बसवलं. मॅडमनं चिंचोके मोजले, एका वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी तेच गणित पुन्हा, हातच्याची वजाबाकी. आता काड्या आणल्या. दहा काड्यायची एक मुळी बांधली. म्हणे, सुट्या काड्या कमी पडल्या तं बाजूची मुळी सोडा. मी खिडकीतून पाहून राह्यली होती. मैनीनं सुतळी सोडली. दहा काड्या पसरल्या.

बाजूचा एक म्हणजे एक नाई. दहा. मुळी.

एवढंच होतं. एवढ्याच्यासाठी मी चपला राखल्या. भात ढवळाचा राह्यला. त्या दिवशी लेकरायनं करपलेला भात खाल्ला.

मॅडमनं मले ते वही दाखवली होती. आकारिक म्हणते त्याले. म्हणे, "आजी, ही पास-नापासाची वही नाई. लेकराले कुठी अडलं ते लिहाची हाय. मंग तिथून पुन्हा शिकवाचं." मी तिले तीनदा पुसलं, नाई समजलं हे लिहाची वही सरकारनंच देली का? हो म्हणे. मले खरं वाटे ना.

मंग मॅडमले दुसऱ्या शाळेवर पाठवलं. हेडसर म्हणाले, "शिकवणं सोडून चिंचोके खेळत होती." डबे माह्यापाशीच राह्यले. लेकरायचे हात आपोआप पोत्यामागं जाये. काळा डबा रोज वाजे. पाह्यणारं कोणी नव्हतं. मीच पाहे.

मंग शाळा तपासाले साहेब येणार म्हणून खबर आली. आदल्या दिवशी हेडसर वऱ्हांड्यात ते वही घेऊन बसले. साऱ्या सालाचं एका दुपारात लिहिलं. लिहिता लिहिता तोंडानं बोलत. "मैनी. आवडीने सहभाग घेते. भागाकार येतो."

मी तांदूळ पाखडत होती. म्हटलं, "सर, मैनीले भागाकार नाई आला. काल काळ्या डब्यात तिचा चिंचोका होता."

"बाई, तुमी फोडणी पाहा."

उठले. रांधाच्या खोलीत आले. काळा डबा उचलला अन् पांढऱ्यात उलटा केला. सारे चिंचोके एकात. म्हणे, "पाहा बाई, झाली का नाई शाळा हुशार!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच पाच लेकरं माह्याकडं आणून बसवले. मैनी अन् आणखी चार. "कच्चे आहेत. तांदूळ निवडाले लावा. साहेब जाईपर्यंत बाहेर नाई काढाचं. समजलं का?"

"हो सर," मी म्हटलं.

साठी कवाचीच सपली. केस पांढरे. तरी तोंडातून तेच निघालं.

साहेबाची गाडी आली. लेकरं तांदूळ निवडून राह्यले. मैनी दारात बसली होती, जिथी सारे चपला काढते. खडे काढता काढता तिचा हात थांबला. वाकडी पडलेली एक चप्पल तिनं सरळ केली. मंग दुसरी. जोडीनं जोडी लावत गेली. तिले कोणीच सांगतलं नव्हतं.

मले तिचे पाय दिसले. अनवाणी. बोटं फाकलेले.

मी उठली. मैनीचा हात धरला. दुसऱ्या हातात काळा डबा. चार लेकरं मागून. वर्गाच्या दारात गेली. साहेब खुर्चीवर होते, समोर ते वही. नुकतंच त्यायनं पुसलं होतं, "सगळ्यांना समजलं ना?" अन् वर्ग ओरडला होता, "हो सर!"

मी म्हटलं, "नाई समजलं, साहेब."

हेडसर चमकले. "बाई, काय करून राह्यल्या तुमी? जा, भाजी करपत असन."

पोट्टे हसले. तेच हसणं. तसंच. माह्ये पाय होते तिथीच राह्यले.

"करपू द्या," मी म्हटलं. "हे पाच लेकरं लपवून ठेवले होते. ह्या वहीत लिहिलं हाय मैनीले भागाकार येते. नाई येत. मले माहीत हाय."

साहेबानं मैनीकडं पाह्यलं. चांगल्या आवाजात पुसलं, "काय बाळ, भागाकार समजला का?"

मैनीनं हेडसरकडं पाह्यलं. मंग खाली.

"हो सर."

हेडसर हसले. माह्या हातात तिचा हात होता, थंडगार. शेवंताचा शेवटी तसाच झाला होता.

मी म्हटलं, "साहेब, तिले तोंडानं नका पुसू. तोंड हो म्हणते. तिच्या हातात खडू द्या. गणित द्या."

साहेबानं घड्याळ पाह्यलं. म्हणाले, "बाई, तुमची तळमळ समजली. अजून दोन शाळा आहेत." वहीवर सही केली. गाडी गेली. मैनी माह्याकडं पाहे ना. मी तिच्यावर रागावली नाई. ते हो तिचं नव्हतंच. माह्यं होतं.

हेडसरनं सांगतलं, पुढच्या सत्रापासून दुसरी बाई रांधन. म्हणे, "समजलं का?"

"नाई समजलं," मी म्हटलं. "काऊन?"

ते वही काखेत मारून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी पोतं काढून टाकलं. काळा डबा उचलला अन् वऱ्हांड्यात हेडसरच्या टेबलावर नेऊन ठेवला. साऱ्यायच्या समोर. जेवणाची लाईन लागली होती. मैनी लाईनीत होती. पाहून राह्यली होती. मी पदराच्या गाठीतून एक चिंचोका काढला अन् डब्यात टाकला. टन्.

हेडसर म्हणाले, "तुमाले काय नाई समजलं आता?"

"भागाकार," मी म्हटलं. "शिकवा."

मी वर्गात गेली, खाली बसकर टाकलं अन् बसली. चपलाजवळ नाई. फळ्यासमोर, दाराच्या आत. रोज रांधणं झालं का तिथीच बसते. सत्र सपन, दुसरी बाई येईन, तरी बसीन. शिकवेपर्यंत उठणार नाई.