भांडण नव्हे, बहिष्कार

मंगलाताईंसमोर 'भांडण' हा शब्द काढायची सोय नव्हती. आयर्लंडमधल्या ड्रोहेडा गावात आमची दारं समोरासमोर. नवऱ्याशी भांडले म्हणून मी रडत गेले, की आधी प्रश्न यायचा, "नेमकं काय केलंस? तक्रार, अर्ज, निषेध की बहिष्कार?" माझं रडणं तिथेच आटायचं.

त्या नागपूरला शाळेत इतिहास शिकवायच्या. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आल्या, त्यामुळे नोकरीची परवानगी नाही. शिकवायला उरले मी. अमेरिकेचा स्वातंत्र्यलढा त्यांचा फार लाडका. "ती माणसं वर्षानुवर्षं राजाला नम्र अर्जच करून राहिली होती. स्वातंत्र्य हा शब्द अगदी शेवटी काढला बाप्पा. पायरी सोडायची नाही." 'बॉयकॉट' हा शब्द त्या लोकांकडे नव्हताच, तो शंभरेक वर्षांनी इथे आयर्लंडमध्ये जन्मला, हेही त्यांच्याकडूनच कळलं. मग तोवर ते लोक काय म्हणायचे? "'तुमचा माल घेणार नाही' म्हणायचे. साधं."

दोन हजार सहाच्या सुमारास त्यांच्या नवऱ्याने, सुधीररावांनी, न्यू जर्सीची नोकरी परस्पर स्वीकारली आणि जेवता जेवता निघायची तारीख सांगून टाकली. मला वाटलं, आता भडका उडणार. मंगलाताईंनी अर्ज केला, "मला विचारायला हवं होतं." सुधीरराव म्हणाले, "त्यात विचारायचं काय?" मग निषेध. सुधीररावांनी सामानासाठी आणलेली खोकी घडी घातलेलीच राहिली. त्यानंतर चहा बंद. स्वयंपाक मात्र रोजचा. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "जेवण तोडलं तर उपासमार होते. चहा तोडला तर माणूस विचार करतो."

सुधीरराव कामावरून दमून येत आणि चहा मागत. "पत्ती प्रेसमध्ये आहे," एवढंच उत्तर मिळे. कपाटाला इथे प्रेस म्हणतात, आणि त्यातलं नेमकं कुठलं हे बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं. मला हसू यायचं आणि भीतीही वाटायची. बहिष्कारानंतरची शेवटची पायरी कोणती ते मला माहीत होतं: स्वातंत्र्य.

एका शनिवारी सुधीररावांनी स्वतः दोन कप चहा केला. पांचट झाला होता म्हणे. समोर बसून त्यांनी विचारलं, "मंगला, जायचं का आपण?"

हे सगळं मला दुसऱ्या दिवशी कळलं. "मग तुम्ही काय म्हणालात?" मला राहवेना.

"हो म्हटलं. मला अमेरिका पाहायचीच होती ना."

"मग एवढं सगळं कशासाठी?"

त्यांनी एक खोकं उलगडून त्याचा तळ टेपने चिकटवला.

"आधी हे मला नेऊन राहिले होते. आता मी जाऊन राहिली आहे."

त्या इथेच राहाव्यात असं मला मनापासून वाटत होतं. पण आता ते बोलता येईना. मी दुसरं खोकं उलगडायला घेतलं.