ओट्याचं माप

माझ्या सुनंदामावशीवर अन्याय झाला तो घर बांधताना, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कडप्पा बसला त्या दुपारी. तेव्हापासून तिचा खांदा दुखतोय. आता तर वेणी घालायलाही हात वर जात नाही.

"वय झालं गं," ती म्हणते. "वात आहे," म्हणत काका तेलाची बाटली पुढे करतात.

काल सकाळी ती पोळ्या लाटत होती आणि माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं.

"मावशी, टाचा का उचलतेस?"

"कुठे उचलते?" तिने खाली पाहिलं. टाचा हवेत होत्या. इतक्या वर्षांत तिला स्वतःलाच पत्ता नव्हता!

मी काकांना विचारलं, "ओटा कुणाच्या मापाने घातला?"

"माझ्या! गवंड्याने मला ताठ उभं करून माप घेतलं." काका घरात सगळ्यांत उंच.

"तुम्ही कधी पोळी लाटलीत?"

"मला कुठे येते?"

"आणि मावशी, तू कुठे होतीस?"

"गवंड्यांचा चहा करत होते," मावशी हसत म्हणाली. मला हसू आलं नाही.

साध्या दुखण्यांना आपण केवढी मोठी नावं देतो. वय म्हणतो, वात म्हणतो, नशीबसुद्धा म्हणतो. इथे मावशीच्या खांद्यात रोज कणीक मळताना थोडी थोडी काकांची उंची शिरत होती, आणि आम्ही सगळे गरम पोळी वाढायला सांगत होतो.

तुमच्या घरी जी पोळ्या लाटते, तिच्या टाचा आज बघा. उचललेल्या दिसल्या तर तेल आणू नका. गवंडी बोलवा, माप तिचं घ्या, आणि तेवढ्या वेळात चहा तुम्ही करा.