मामांचं फक्कीचं घर

घर बांधून त्यात राहणारी माणसं पुष्कळ असतात. न बांधलेल्या घरात वर्षानुवर्षं सुखाने राहिलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझा मामेसासरा निघाला. यवतमाळबाहेर, लोहाऱ्याच्या अंगाला, मामांनी तुरीच्या वावराला लागून प्लॉट घेतला आणि मागाहून कळलं की विकास आराखड्यात ती जागा हिरव्या पट्ट्यात आहे, म्हणजे शेतीची. राहतं घर बांधता येणार नाही. आजूबाजूच्यांनी ‘पुढचं पुढे पाहू’ म्हणत घरं ठोकून दिली. मामांनी नियमांचं पुस्तक आणलं आणि पोथीसारखं वाचायला घेतलं. तेव्हापासून सगळं गाव त्यांना नकाशाच्या रंगांत दिसू लागलं. कुणाच्या मुलीला स्थळ आलं की मुलगा काय करतो हे राहू द्या, मामा आधी विचारत, “घर पिवळ्यात हाय का हिरव्यात?” पिवळा म्हणजे राहण्याचा पट्टा. पंगतीत बसतानासुद्धा ते, दोन घरांमध्ये नियमाने सोडावं तसं, शेजारच्या पानापासून नीट अंतर सोडत. बोरी अरबहून, पांढरकवड्याहून लोक सातबारा घेऊन सल्ल्याला येत. सल्ला फुकट मिळे, वर चहाही.

दर रविवारी संध्याकाळी मामा-मामी प्लॉटवर जात आणि मामा चुन्याच्या फक्कीने जमिनीवर घर आखत. लग्नानंतर मी पहिल्यांदा गेलो तो सरळ चालत आत शिरलो. “जवाईबापू, तुमी भिंतीतून आले,” मामा शांतपणे म्हणाले, “दरवाजा तिकडे हाय.” मी मुकाट्याने बाहेर गेलो, चपला काढल्या आणि दरवाजातून आलो. मामी स्वयंपाकघरात बसून थर्मासमधला चहा ओतत होत्या. त्यांचं मागणं एवढंच होतं, “मले वावराकडची खिडकी पाह्यजे. गुडघे चालतात तोवर तिथं उभी राहून पोळ्या लाटीन म्हनते.” वारा सुटे, फक्की उडे, तुरीवर ऊन कलत जाई, आणि खरं सांगतो, मलाही त्या भिंती दिसू लागत.

मग नवा आराखडा आला आणि प्लॉट पिवळा झाला. आनंदाने मामा त्या दिवशी जेवलेच नाहीत. पण शेजारचं वावरही पिवळं झालं होतं. तिथे प्लॉट पडले. मामींच्या खिडकीसमोर आता कुणाची तरी भिंत येणार, आणि मामांना बाजूला नियमाने सोडायचं अंतर फक्त दीड मीटर. मामी म्हणाल्या, “असू द्या. घर तर होते ना.” त्यांच्या आवाजाने मला वाईट वाटलं.

मामा दोन रविवार प्लॉटवर एकटेच बसून राहिले. तिसऱ्या रविवारी त्यांनी मला दोरी धरायला बोलावलं, आपल्या पुस्तकांसाठी आखलेली खोली पायाने पुसून टाकली आणि स्वयंपाकघराची रेघ त्या खोलीएवढी आत घेतली.

“अवो, इतकी जागा सोडनं नियमात बसते का?” मामींनी विचारलं.

“कमीत कमी किती सोडायची ते लिवलं हाय,” मामा म्हणाले. “जास्त सोडाले कोनाची ना नाही.”

रीतसर परवानगी निघाली, घर झालं. शेजारची भिंतही उठली. मधल्या मोकळ्या पट्टीत मामींनी तुरीची एक ओळ लावली आहे. परवा गेलो तेव्हा त्या खिडकीशी पोळ्या लाटत होत्या आणि मामा बाहेर तुरीला पाणी घालत होते. मी दाराशी चपला काढल्या; पाय मात्र अजून फक्कीची रेघ शोधत होते.